सोवळ्यातली वीज

मागच्या वर्षी सहा महिने आमच्या घरात गाणं डोळे उघडे ठेवून ऐकलं जात होतं. एरवी बरं गाणं लागलं की डोळे आपोआप मिटतात. पण ॲम्प्लिफायरशेजारी लाल आकड्यांची एक पेटी येऊन बसली होती आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय राहवत नसे. मालकंसाची आलापी चाललेली, गवई मध्यमावर येऊन ठेपलेला, आणि मी एकदम ओरडे, "दोनशे आठ!"

"काय दोनशे आठ?" बायको स्वयंपाकघरातून.

"व्होल्टेज! दोनशे तीसचं दोनशे आठवर आलं."

"मग मी चटणी वाटू की नको, तेवढं सांगा."

मालकंस तिथेच संपे.

या सगळ्याची सुरुवात एका सुरापासून झाली. नोकरीतून सुटताना हाती आलेल्या पैशांतून मी एक ॲम्प्लिफायर घेतला. जुन्या घाटाचा, काळा, आणि असा जड की तो वर आणून देणारा मुलगा म्हणाला, "काका, दगड भरलेत का यात?" दगड नव्हते, तांब्याच्या तारेने गुंडाळलेला वाटोळा ट्रान्सफॉर्मर होता. संध्याकाळी हातपाय धुऊन, खुर्ची बरोबर मधोमध ठेवून मी बटण दाबलं. दिवा लागला. गवयाने षड्ज लावायच्या आधीची जी दोन सेकंदांची शांतता असते, तिच्यात स्पीकरमधून आवाज आला: घुंऽऽऽ.

पहिल्यांदा वाटलं, तंबोरा असेल. रेकॉर्ड बंद केली. तंबोरा चालूच.

हा घुंकार कुठल्या सुरात आहे ते मी पेटीवर काढून पाहिलं. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. पन्नास कंपनांचा सूर म्हणा, की त्याच्या वरच्या सप्तकातला शंभराचा म्हणा, तो पडतो पांढरी पाचवर; पण नेमका पांढरी पाच नव्हे, किंचित चढा. आता काळी एकमध्ये गाणारा गवई घ्या. त्याच्या हिशेबात पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम आणि काळी चार म्हणजे पंचम. आमचा घुंकार या दोघांच्या मधल्या फटीत. धड तीव्र मध्यम नाही, धड पंचम नाही. विजेबरोबर घरोघरी एकेक तंबोरा फुकट येतो आणि तो जुळवायचं काम तेवढं राहून गेलं आहे.

माझा एक मित्र आहे. तानसेन होणं सगळ्यांना जमत नाही, निदान कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. या माणसाने ते फारच मनावर घेतलं. आपण त्याला कानसेनच म्हणू. तो आला, दोन मिनिटं घुंकार ऐकला, ॲम्प्लिफायरकडे ढुंकूनही न बघता सरळ भिंतीतल्या प्लगसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझी वीज घाण आहे."

पाहुण्यासमोर घरात झुरळ निघावं तसं मला झालं. "घाण म्हणजे?"

"मिक्सर, पंख्यांचे रेग्युलेटर, एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचा एसी. सगळे त्याच तारेवर. प्रत्येक जण वीज घेतो आणि आपला कचरा तारेत परत टाकतो. तू वापरतोस ती वीज अख्ख्या बिल्डिंगची उष्टी आहे."

उष्टी! माझी आजी कडक सोवळ्याची. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याजवळून नुसतं धावत गेलं तरी ते पुन्हा बादलीत जाई. तिच्या सोवळ्याला आम्ही भावंडं आयुष्यभर हसलो. पण "उष्टी" हा शब्द कानावर पडला आणि तिचं रक्त माझ्या अंगात जागं झालं.

तसं व्होल्टेजचं वेड आमच्या घराला नवीन नाही. लहानपणी आमच्या गावी संध्याकाळी सात वाजले की मळ्यांवरच्या मोटारी सुरू व्हायच्या आणि उसाला पाणी मिळालं की माणसांचा उजेड जायचा. लाईट जात नसत, 'डिम' होत. बल्बमध्ये तांबडी तार तेवढी दिसे. ट्यूबलाइट दोन्ही टोकांना लुकलुके, पण पेटायचं काही मनावर घेत नसे. मग स्टुलावर चढून स्टार्टर पिळायचा. टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आक्रसे आणि बातम्या देणाऱ्या बाई दोन आठवडे उपाशी असल्यासारख्या दिसत. म्हणून टीव्हीखाली स्टॅबिलायझर. पत्र्याची पेटी, पुढे सुई, सुईमागे हिरवा आणि लाल पट्टा, वर आईने क्रोशाने विणलेला रुमाल, त्याच्यावर शंखशिंपल्यांचा मोर. वडील बातम्या ऐकत, पण बघत मात्र सुईकडे. सुई लाल पट्ट्यात गेली की पंतप्रधानांचं भाषण चालू असलं तरी टीव्ही बंद. तेव्हा हा रोग आनुवंशिक आहे, हे मी बायकोला आधीच सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात जाऊन उभा राहिलो.

"काय चालवायचंय? फ्रिज?"

"ॲम्प्लिफायर."

"कुठल्या मंडळाचा?"

"मंडळाचा नाही, घरचा."

"किती वॉट?"

"साठ."

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला. "साठ वॉटला स्टॅबिलायझर? अहो, साठ वॉटचा तर आमच्या संडासात बल्ब होता." पण माणूस जाणकार निघाला. गिऱ्हाईक वेडं आहे हे एकदा पक्कं झाल्यावर त्याने एकेक मूर्ती काढून काउंटरवर मांडली.

पहिला रिलेचा साधा स्टॅबिलायझर. सरकारी बढतीसारखं याचं काम: एकदम एक पायरी वर, नाही तर एक पायरी खाली, मधलं काही नाही. व्होल्टेज पडलं की आत 'टक्' होतं आणि पायरी बदलते. बदलताना निमिषभर वीज तुटते. फ्रिजला त्याचा पत्ताही लागत नाही. स्पीकरमध्ये मात्र 'टप्प' होतं. आलापीत टप्प म्हणजे मैफलीत कुणी सुपारी फोडल्यासारखं.

दुसरा सर्व्हो. याच्या पोटात तांब्याच्या तारेची वाटोळी गुंडाळी, तिच्यावर टेकलेला कार्बनचा ब्रश आणि तो ब्रश फिरवणारी छोटीशी मोटर. व्होल्टेज घसरलं की मोटर किर्र करून ब्रश पुढे सरकवते. चढलं की मागे. पायऱ्या नाहीत, सगळी मींड. गवयाच्या मागे पेटीवाला असतो ना, तसा: अर्धा श्वास कायम मागे, पण पोचतो खरा.

तिसरा सीव्हीटी. जोसेफ सोला या अमेरिकन गृहस्थाने १९३८ च्या सुमाराला काढलेली ही युक्ती. यात हलणारं काहीच नाही. लोखंडाचा गाभा चुंबकत्वाने इतका तुडुंब भरून ठेवायचा की बाहेरून थोडं कमीजास्त आलं तरी आत फरक पडू नये. पंगतीत अकरा जिलब्या खाऊन बसलेल्या माणसाला बारावी वाढली काय आणि न वाढली काय! पण इतकं जेवल्यावर होतं तेच याचंही होतं. अंग कायम गरम आणि कण्हणं चालू. घुंकार घालवायला घुंकार घरी न्यायचा, हे काही पटेना.

चौथा ऑनलाइन यूपीएस. आलेली वीज आधी दळून डीसी करायची आणि त्या पिठाची पुन्हा ताजी एसी लाटायची. बाहेरच्या विजेचा कणही पुढे जात नाही. विचार उत्तम, पण थंड राहायला त्याला पंखा लागतो आणि पंखा अखंड घोंघावतो.

पाचवी एक पट्टी, स्पाइक वाचवणारी. हिच्यात व्हॅरिस्टर नावाचं बोटभर काहीतरी असतं. बाहेर वीज कडाडून तारेत धक्का आला की तो बिचारा स्वतःच्या अंगावर घेतो. प्रत्येक धक्क्याने जरासा खंगतो, पण बोलून दाखवत नाही. एक दिवस आतून संपतो. वरचा लाल दिवा मात्र लागलेलाच राहतो. अशी माणसं प्रत्येक एकत्र कुटुंबात एक तरी असते.

मी पेटीवाला घेतला. गाण्याचा प्रश्न होता.

घरी आणला, जोडला. पुढच्या खिडकीत लाल आकडा उगवला: २३०. मी श्वास रोखून कान स्पीकरला लावला. घुंकार होता तसाच होता. फक्त आता तो स्थिर व्होल्टेजवर होता.

दोष त्याचा नव्हता. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती फूट आहे हे बघणाऱ्या माणसाने पाण्यात काय तरंगतंय तेही सांगावं, ही माझी अपेक्षाच चूक होती. पण एकदा आकडा समोर आला की माणूस त्याच्या तावडीत सापडतो. नियमाने घरी २३० व्होल्ट यावेत आणि फार तर सहा टक्के इकडेतिकडे व्हावेत. म्हणजे २१६ ते २४४. या दोन खुंट्यांच्या मधे माझा जीव टांगला गेला. पेटीवर एक कळ होती. ती दाबली की आत येणारं व्होल्टेज दिसे, सोडली की बाहेर जाणारं. मी ती दाबूनच बसू लागलो.

पुढे एकदा शांतपणे हिशेब केला. व्होल्टेज दहा टक्के पडलं, २३० चं २०७ झालं, तर ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते. ऐकायला भयंकर वाटतं. कानाच्या मापात हा फरक एक डेसिबलही भरत नाही, आणि कान एक डेसिबलची दखल मोठ्या मिनतवारीने घेतो. शिवाय हे सगळं पूर्ण ताकदीने वाजवत असाल तर. आमचा ॲम्प्लिफायर साठ वॉटचा. बायकोची डुलकी, खालच्या मजल्यावरच्या नातीची दहावी आणि समोरच्या आजोबांचं ब्लडप्रेशर वजा जाता आम्ही त्यातला दीड वॉट वापरतो. उरलेले साडेअठ्ठावन्न वॉट बँकेतल्या ठेवीसारखे: आहेत, एवढंच समाधान.

याच सुमाराला न्यू जर्सीहून भाचा आला आणि त्याने सुटकेसमधून आपला जुना रेकॉर्ड प्लेयर काढला. "मामा, हा तुला." मी मागची पाटी वाचली: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टचं मला आता कळत होतं. पुन्हा पासोड्या विठोबा, आणि दोनशे तीसचे एकशे वीस करून देणारा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पाटीवरचा दुसरा आकडा मी वाचला, पण बसमधली पाटी वाचावी तसा, वाचून विसरून जाण्यासाठी.

कानसेनला मुद्दाम बोलावलं. ख्याल गाणाऱ्या एका जुन्या बाईंची रेकॉर्ड लावली. बाई सुरू झाल्या आणि आम्ही दोघेही हललो. काय ठेहराव! काय गांभीर्य! विलंबितातली एक मात्रा संपून दुसरी यायच्या आत मनात चार विचार येऊन जात. कानसेन डोळे मिटून म्हणाला, "बघ, वीज स्वच्छ मिळाली की काय होतं! बाईंचा हा खर्ज मी आजवर ऐकलाच नव्हता."

बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता थबकली. "या बाईंना सर्दी झालीय का?"

आम्ही दोघे करुणेने हसलो. तिने काही न बोलता कपाटावरची पेटी काढली, धूळ पुसली, भाता ओढला आणि एक पट्टी दाबून धरली. "ही पांढरी चार. बाई पांढरी चारमध्ये गातायत. आमच्या गुरुजींकडे हीच रेकॉर्ड होती. बाई काळी चारमध्ये गातात."

रेकॉर्डची वीस मिनिटांची बाजू त्या दिवशी चोवीस मिनिटं चालली. त्या प्लेयरची मोटर विजेच्या हेलकाव्यांबरोबर पावलं टाकते. अमेरिकेत सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो. हेलकाव्यांच्या मोजणीला तो हातही लावत नाही. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश वेळा फिरायची तबकडी अठ्ठावीसही फेरे घेत नव्हती आणि बाई तीन स्वर खाली उतरून पुरुषांच्या वाटेला लागल्या होत्या. ज्याला आम्ही खर्ज म्हणत होतो ती निव्वळ दहा हर्ट्झची तूट होती. एरवी आमच्याकडच्या चहाच्या पत्तीवर व्याख्यान देणाऱ्या कानसेनने त्या दिवशी चहा निमूट प्यायला.

पण तो हार मानणाऱ्यातला नव्हे. आठवड्याने आला तो नवा सिद्धान्त घेऊनच. "दिवसा ऐकूच नकोस. रात्री दीडनंतर वीज शांत होते." यात तथ्य आहे, गाव झोपलं की भार उतरतो आणि व्होल्टेज वर येतं. मी एकदा पहाटे तीनला उठून बसलो. आकडा २३८. वीज खरोखरच उत्तम होती. मी नव्हतो. मुखडा यायच्या आत घोरू लागलो, आणि तो आवाज मात्र सगळ्या बिल्डिंगला स्वच्छ ऐकू गेला.

मग त्याने जपान काढलं. तिथे काही शौकिनांनी आपल्या घरासमोर स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला आहे, स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरसकट. शेजाऱ्याच्या उष्ट्याचा प्रश्नच नको. हे खरं आहे. पण आमच्या सोसायटीत सायकलचा स्टँड दोन फूट सरकवायला वार्षिक सर्वसाधारण सभा लागते. खांबाचा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त मांडायची माझी छाती झाली नाही.

"निदान वीज कुठली ते तरी बघावं माणसाने," कानसेन म्हणाला. "कोयनेची वीज ऐकायला गोड. पाण्याची ना! चंद्रपूरची कोळशाची, तारसप्तकात जरा काजळी धरते."

"आणि तारापूरची?"

"तिला लांबून नमस्कार."

आता कोयनेची वीज वेगळी काढणार कुठून? ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एक झालं, आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी मोठी जनित्रं एकाच ठेक्यावर फिरतात. एवढा मोठा ताफा एका लयीत राहतो, ही खरं तर डोळे मिटून दाद देण्यासारखी गोष्ट. त्यातून फक्त कोयनेची वीज मागणं म्हणजे पंढरपूरला चंद्रभागेत उभं राहून "मला तेवढं भीमाशंकरचं पाणी द्या" म्हणण्यातला प्रकार. पण कानसेन ऐकेल तर ना. डोंगरदऱ्यांतून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांनी आलेली, डीपीतल्या चिमण्यांच्या घरट्याला वळसा घालून मीटरपर्यंत पोचलेली वीज त्याने शेवटचा दीड मीटर चांदीचा मुलामा दिलेल्या वायरीतून आणली. नवरदेव बैलगाडीतून सबंध जिल्हा तुडवून आला आणि मांडवाच्या दाराशी त्याला घोड्यावर बसवला.

शेवटी त्याने ब्रह्मास्त्र काढलं: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. याची रचना मात्र ऐकताक्षणी मला पटली. आत दोन गुंडाळ्या. एकीत बाहेरची वीज, दुसरीतून घरची. दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही. मधे नुसतं लोखंड आणि चुंबकाची ओढ. इकडची वीज तिकडे जातच नाही, तिच्या ओढीने तिकडे नवी उपजते. मला आजी दिसली. सोवळ्यात असताना आंघोळ न केलेल्या आम्हा पोरांना तहान लागली की ती ओंजळ पुढे करायला सांगून वरून पाण्याची धार धरायची. भांडं हाताला लागत नसे, तहान मात्र भागे. जिच्या सोवळ्याला हसण्यात बालपण गेलं तेच सोवळं तांब्याच्या तारेत गुंडाळून दुकानात आलं, तर मी अकरा हजार मोजून घेतलं. वर पंधरा किलो वजन दोन मजले उचलून आणलं.

"पडदा उठल्यासारखं झालं बघ," कानसेन म्हणाला. मला पडदा जागच्या जागी दिसत होता आणि त्याच्यामागे तंबोरा चालू होता.

एव्हाना ॲम्प्लिफायर एक आणि वऱ्हाडी पाच अशी परिस्थिती झाली होती. हॉलमध्ये पाहुण्यांना पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांच्यातल्या त्यांच्यात वायरींचा असा गुंता झाला होता की झाडू मारणाऱ्या बाईंनी तो कोपरा आपल्या कामातून वगळल्याचं जाहीर केलं.

आणि मग एके दिवशी गीझर बिघडला म्हणून वायरमन काका आले. गीझर दहा मिनिटांत झाला. जाता जाता त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. "साहेब, गिरणी टाकली काय?"

मी सगळी कथा सांगितली. ते उकिडवे बसले, मीटर काढला आणि भिंतीतल्या प्लगमध्ये दोन काड्या घातल्या. "फेज-न्यूट्रल दोनशे सव्वीस. चांगलंय." एक काडी बदलली. आणि भुवई वर गेली. "न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधे अठरा? दोन-तीनच्या आत पाहिजे साहेब. अर्थिंगचा खड्डा कुठंय तुमचा?"

तीस वर्षं मी त्या इमारतीत राहतो. अर्थिंगचा खड्डा कुठे असतो हे मला ठाऊक नव्हतं, चेअरमनना ठाऊक नव्हतं, सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. वॉचमनला ठाऊक होतं. त्याची खुर्ची त्यावरच होती. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना खड्डा त्याखाली गेला होता. चार ब्लॉक उचलले. आत कोळसा, मीठ आणि खाली धातूची पट्टी. सगळं कोरडं ठणठणीत. "कोरड्या जमिनीत वीज उतरत नाही," काका म्हणाले. "बादलीभर पाणी घालत जावा."

मग मीटरच्या खोलीत जाऊन त्यांनी न्यूट्रलचा जोड दाखवला. सैल होता, काळा पडला होता. त्यांनी तो साफ करून आवळला आणि जे सांगितलं ते ऐकून माझे हातपाय गार पडले. "हा सुटला असता ना साहेब, तर दोन फेजमधले चारशे व्होल्ट तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांमधे वाटले गेले असते. ज्याच्या घरी लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. शेजाऱ्यांनी गीझर लावला की तुमच्याकडे तीनशे-साडेतीनशे. तुमचे खोके गेले असते, पंखे, फ्रिज, टीव्ही, सगळं."

म्हणजे सहा महिने मी २०८ ला घाबरत होतो आणि साडेतीनशे तळमजल्यावर एका सैल नटाला लोंबकळत होते.

"मग घ्यायला काय हवं होतं?"

काकांनी बोटं मोडली. "अर्थिंग ठीक ठेवा. वर्षातून एकदा जोड आवळून घ्या. बोर्डात एक कटऑफ बसवतो; व्होल्टेज फार चढलं-उतरलं की लाइन तोडेल, मागाहून जोडेल. जमलं तर या मशीनला मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढू, म्हणजे फ्रिजची टप्प यायची नाही. तुमचं व्होल्टेज पडतं ते पंधरा-वीसनं, त्याला सर्व्हो कशाला? आमच्या गावाकडं संध्याकाळी दीडशेवर येतं, तिथं लावा. बाकी शौक आहे साहेब. शौकाला कोण नाही म्हणतंय?"

घुंकार अर्ध्यावर आला होता, तरी होता. काकांनी कान देऊन ऐकला, माझ्या पाचही पेट्यांवरून नजर फिरवली आणि त्यातल्या एकीलाही हात न लावता टीव्हीच्या मागे वाकले. टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून मीच सेट-टॉप बॉक्सपासून ॲम्प्लिफायरपर्यंत एक वायर नेली होती. काकांनी सेट-टॉप बॉक्समध्ये शिरलेली केबलवाल्याची काळी वायर पिळून बाहेर काढली.

घुंकार थांबला. सहा महिन्यांत पहिल्यांदा आमच्या स्पीकरमधून काहीच ऐकू आलं नाही, आणि ते इतकं सुरेख होतं की मी वन्स मोअर म्हणणार होतो.

"केबलवाल्याची वायर कुठल्या तरी गच्चीवरून येते. तिचं अर्थिंग तिकडं. तुमच्या मशीनचं अर्थिंग इकडं. दोन्हींत फरक पडला की मधल्या वायरीतून करंट फिरत राहतो," काका वायर गुंडाळत म्हणाले. "दोन जमिनींचा वाद आहे साहेब. सगळीकडं तोच असतो."

त्यांचे दोनशे रुपये झाले. गीझरसकट.

आता घरात खरी शांतता आली, आणि त्या शांततेत एक नवीन आवाज ऐकू येऊ लागला. लिफ्ट हलली की किर्र. शेजारचा एसी लागला की किर्र. आणि किर्रच्या मधल्या काळात मंद कण्हणं. सर्व्हो! सहा महिने घुंकाराने झाकलेला माझा पेटीवाला तान नसतानाही साथ करत होता.

त्या दिवसापासून ॲम्प्लिफायर वेगळ्या लाइनीवर, सरळ भिंतीतल्या प्लगला आहे. भाच्याने पन्नास हर्ट्झची पुली पाठवली. बाई पुन्हा काळी चारमध्ये गातात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बाल्कनीच्या दाराला टेकवून ठेवला आहे. वाऱ्याने दार आपटत नाही; आवाजाच्या बाबतीत त्याची ही पहिली खरी कामगिरी. दर रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये जाऊन अर्थिंगला बादलीभर पाणी घालतो. पहिल्या रविवारी दोन-तीन जणांनी बाल्कनीतून पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्या जागी जास्वंदीची दोन फुलं दिसली. कुणी वाहिली, मी चौकशी केली नाही. आजी असती तर तिनेही केली नसती.

आणि सर्व्हो फ्रिजला लावला आहे. एवढ्या पैशांची वस्तू टाकवेना. त्यामुळे सध्या आमच्या घरातली सगळ्यात शुद्ध, मोजूनमापून दोनशे तीस व्होल्टची वीज परवाची आमटी आणि अर्धं लिंबू यांच्या सेवेत आहे.

परवा मावशी आल्या होत्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तो लाल आकडा बघून थांबल्या. "अगं, फ्रिजला कशाला एवढा मोठा स्टॅबिलायझर?"

"त्याला गाण्याचं अंग आहे," बायको म्हणाली.

तेवढ्यात फ्रिज सुरू झाला. पांढरी पाच, किंचित चढी.